चहाआधीची चूक

"नीना म्हणते" हे दोन शब्द शशीकाकू मोजत होत्या. सकाळपासून मालविका ते सात वेळा बोलली होती, आणि अजून तिचा ब्रेकफास्टसुद्धा व्हायचा होता. नीना म्हणते, गवतात जाताना जाड बूट हवेत. नीना म्हणते, उन्हं तापायच्या आत अ‍ॅडर साप बाहेर येऊन पसरतात. नीना म्हणते, सापाला आपल्या पावलांची थरथर लांबूनच कळते. हे शेवटचं ऐकून तर काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, ज्या बाईनं बत्तीस वर्षं कराडच्या पंचक्रोशीत लोकांच्या माजघरांतून, न्हाणीघरांतून, गोठ्यांतून नाग, घोणस, मण्यार उचलून रानात नेऊन सोडले, तिला ही लीड्समध्ये जन्मलेली पोर शिकवणार, सापाला काय कळतं ते? आणि तेही तिच्याच पोटच्या लेकीच्या तोंडून?

"मला माहितेय गं," काकू म्हणाल्या.

"हो आई, पण नीना इतकं छान एक्सप्लेन करते ना!"

आठ.

काकू एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडला, ब्रॅकनेलला लेकीकडे आल्या होत्या. मालविका इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. शनिवार-रविवारी आई-लेकी निवांत बसतील, गप्पा मारतील, असं काकूंनी विमानात बसल्यापासून मनाशी धरलं होतं. पण कसचं काय! शनिवार उजाडला की ही बया पहाटे उठून नीनाबरोबर माळावर अ‍ॅडर मोजायला. इथे विषारी म्हणून एवढा एकच साप, तोही हातभर लांबीचा, आणि त्याचं कौतुक किती! मोजायचा, नोंद करायची, फोटो काढायचा. कुणाच्या बागेत निघालाच तर रेप्टाइल ग्रुपकडून नीनाला फोन येणार, आणि ही तिची ड्रायव्हर होऊन धावणार.

पोटात दुखत होतं ते इथेच. कारण हीच मालविका लहानपणी सापाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. कराडला जेवताना फोन वाजायचा, "ताई, लांबडं निघालंय, लवकर या," आणि काकू हातातला घास ताटात टाकून स्कूटर काढायच्या. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीखाली आडव्या पडलेल्या होत्या. घरी आल्या तेव्हा मालविका पेढ्यांचा पुडा समोर ठेवून झोपून गेली होती. "तू पण चल की एकदा माझ्याबरोबर," काकू म्हणायच्या. "मला साप आवडत नाहीत," एवढंच उत्तर यायचं. एकदा म्हणून आली नाही. आणि आता नीनासाठी पहाटे उठते. साप आवडत नव्हते की आई आवडत नव्हती, हे काकूंना कुणी सांगेल का?

बरं, नीनात खोट काढावी तर तीही सापडत नव्हती. तिशीची, बारीक केस कापलेली, हसरी मुलगी. मराठी मोडकंतोडकं, पण बोलायचीच. "काकू, तुमचा स्टोऱ्या ऐकायचा आहे मला," असं प्रत्येक वेळी म्हणायची. काकू म्हणायच्या, "सांगेन कधीतरी." आणि सांगायच्या नाहीत. हिला का सांगायच्या? लेक घेतलीस, आता गोष्टीही घे.

त्या दिवशी दुपारी मालविका आणि नीना माळावरून परत येऊन जेवायला बसल्या होत्या, तोच नीनाचा फोन वाजला. मराठी मंडळातली श्रद्धा तिच्या गॅरेजमधून अक्षरशः किंचाळत होती. साप निघाला होता. तिनं पाठवलेला फोटो हललेला, अंधुक. तपकिरी वेटोळं आणि पाठीवर नागमोडी पांढुरकी रेघ, एवढंच काय ते दिसत होतं.

"झिगझॅग. अ‍ॅडर आहे," नीना म्हणाली आणि भात अर्धा सोडून उठली. काकूंना ते अर्ध्यावर सोडलेलं ताट ओळखीचं वाटलं, आणि म्हणून आणखीच राग आला.

"मीपण येते," त्या म्हणाल्या.

"आई, तू फक्त लांब उभी राहा हं," मालविका गाडीची किल्ली घेत म्हणाली. लांब उभी राहा! नाकाला मिरच्या झोंबल्या, पण काकू मुकाट्यानं गाडीत मागच्या सीटवर बसल्या. पुढची सीट नीनाची.

श्रद्धाचं घर दहा मिनिटांवर. जुलैचं ऊन असं तापलेलं की गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला हात लाववत नव्हता. श्रद्धा दारातच भेटली. नवरा कामासाठी मेडनहेडला गेलेला, ही एकटी. तिनं सांगितलं ते असं: बुधवारी देवगडहून तिच्या बाबांनी पाठवलेलं तुळशीवृंदावन आलं होतं. जांभ्या दगडाचं, मोठ्या हौसेनं घडवून घेतलेलं, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून बोटीनं निघालेलं. अडीच महिन्यांनी पोचलं. आज ती खोकं उघडून पेंढा उपसत होती, तर कोपऱ्यातून सळसळ झाली.

"वृंदावन! ओह, लव्हली," नीना म्हणाली आणि हातातली चकचकीत स्टीलची काठी लांब केली. "घाबरू नका. गॅरेज थंड असतो, म्हणून बागेतून आत आला असणार. अ‍ॅडर शाय असतो. मालविका, तू टब घेऊन बाहेर थांब. मी बोलावली की ये."

नीना आत गेली. काकू दाराच्या चौकटीशी उभ्या राहिल्या. आत फुटलेलं खोकं, लालसर दगड, पिवळा पेंढा. देवगडचा पेंढा. मनात काहीतरी हललं, पण त्यांचं लक्ष नीनाच्या पाठीकडे होतं. काय तो डौल! आणि बाहेर उभी राहून मालविका तिच्याकडे कशी बघत होती! अशा नजरेनं तिनं आईकडे आयुष्यात एकदाही बघितलं नव्हतं.

नीनानं काठीनं पेंढा बाजूला केला, आणि आवाज आला.

तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तसा. चरचर, चरचर. तोंडातून काढलेला फुत्कार नव्हता तो. खरखरीत खवल्यावर खवला घासल्याचा आवाज होता. काकूंनी तो कोकणातल्या सर्पमित्रांच्या शिबिरांत पन्नास वेळा ऐकला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फुरसं.

"शी इज अ बिट क्रॉस," नीना हसून म्हणाली आणि उकिडवी बसली. अ‍ॅडरसमोर बसावं तशी, हातभर अंतरावर.

काकूंना सगळं कळलं होतं. वेटोळ्यातून वेटोळं फिरवत बसलेलं फुरसं कुठल्या क्षणी उडी घेतं ते माहीत होतं. ते चावलं की रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून, लघवीतून वाहत राहतं, तेही माहीत होतं. इथल्या हॉस्पिटलात अ‍ॅडरचं औषध मिळेल, पण फुरशाचं येईस्तोवर कोण जाणे किती वेळ जाईल, तेही त्याच घटकेला डोक्यात येऊन गेलं.

आणि त्या गप्प राहिल्या.

खरं ते सांगायला हवं, गप्पच राहिल्या. मनात म्हणाल्या, होऊ दे फजिती. कळू दे एकदा मालविकेला, कुणाला किती येतं ते. नीनानं काठी पुढे सरकवली. चरचर वाढली. काकूंची जीभ टाळूला चिकटून बसली होती, आणि त्यांनी ती सोडवायचा प्रयत्न केला नाही.

"मालविका, टब!" नीनानं हाक मारली.

बाहेरून मालविका आत शिरली. पायांत नुसत्या चपला. जेवताना बूट काढले होते ते तसेच घरी राहिले होते.

"जागेवर थांबा! दोघी!" काकू अशा ओरडल्या की अंगणात श्रद्धानं भिंत धरली. "फुरसं आहे ते! अ‍ॅडर नाही! मालविका, मागे फिर. नीना, हात हलवू नकोस. तशीच उकिडवी मागे ये. सावकाश. आणखी. आणखी."

नीना एक-एक पाऊल मागे सरकली. दोन हात अंतर पडलं असेल नसेल, तोच फुरशानं झेप घेतली आणि ती जिथे बसली होती तिथल्या फरशीवर येऊन पुन्हा वेटोळं केलं.

पुढचं काम काकूंनी केलं. श्रद्धाकडून लांब दांड्याचा ब्रश मागून घेतला. टब लांबूनच आडवा सरकवला, त्यावर काळं पोतं टाकून आत अंधार केला. मग ना घाई, ना हात जवळ. ब्रशनं जराशी चाहूल द्यायची आणि थांबायचं. पुन्हा जराशी, पुन्हा थांबायचं. उन्हानं आणि माणसांनी वैतागलेल्या जनावराला अंधार हवा असतो. वीस मिनिटांनी ते आपल्या पायांनी जावं तसं स्वतःच टबात शिरलं. काकूंनी ब्रशच्या दांड्यानं टब उभा केला, झाकण लोटलं, खिट्ट्या लावल्या. तोवर नीनानं फोन करून परदेशी विषारी साप ठेवायचा परवाना असलेल्या माणसाला बोलावलं होतं. फुरसं इथल्या माळावर सोडायची सोय नव्हती. त्याला आता काचेच्या पेटीतच दिवस काढायचे होते. काकूंना त्याचं वाईट वाटलं.

मग जे झालं, त्याची काकूंनी बत्तीस वर्षं वाट बघितली होती. मालविकेनं येऊन त्यांना घट्ट मिठी मारली. "आई, मी तुला कधी काम करताना बघितलंच नव्हतं गं. किती शांत असतेस तू!" तिचे डोळे भरले होते. आणि नजर तीच, मघाशी दारातून नीनावर लागलेली.

काकूंना हात वर करून लेकीच्या पाठीवर ठेवता येईना.

तो माणूस येऊन टब घेऊन गेला. श्रद्धानं किचनमध्ये चहा टाकला. आलं, गवती चहा, सगळं घालून चार कप टेबलावर ठेवले. काकूंनी कपाला हात लावला, तोच नीना म्हणाली, "थांबा काकू. चहाआधी चूक."

काकूंचा हात तिथेच राहिला.

कराडला त्यांच्या सर्पमित्रांच्या गटात हा नियम होता. त्यांनीच घातलेला. साप सोडून आलं की सगळी पोरं त्यांच्या स्वयंपाकघरात जमायची, आणि चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी प्रत्येकानं आपली आजची चूक मोठ्यांदा सांगायची. लपवलेली चूक पुढच्या खेपेला जीव घेते, असं त्या सांगायच्या. चूक सांगितली नाही त्याला चहा नाही. आणि मालविका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवत बसलेली असायची.

"हे तुला कुणी सांगितलं?" काकूंनी विचारलं.

"मालविकानी! आमचा पूर्ण ग्रुप करतो आता," नीना म्हणाली. "बाकीपण सगळं. जनावराला घाई करायची नाही. घरातल्या माणसाला आधी पाणी द्यायचं. शी ऑलवेज सेज, आई म्हणते. दिवसभर नुसतं आई म्हणते, आई म्हणते. मी वैतागते कधीकधी."

मालविका लाजून कपाकडे बघत राहिली. "मला तेव्हा राग यायचा तुझा," ती म्हणाली. "पण ऐकू तर सगळं यायचं ना."

आठ वेळा मोजलं होतं त्यांनी सकाळी. दुसऱ्या बाजूचं "आई म्हणते" कुणी मोजलंच नव्हतं.

"मी आधी," नीना म्हणाली. "मी फोटो बघून अ‍ॅडर ठरवला. खोका कुठून आला हे ऐकूनपण विचार नाही केला. आवाज वेगळा होता, तरी पुढे गेली. माझा मोठा चूक."

"मी चपला घालून आत आले," मालविका म्हणाली. "बूट घरी विसरले."

मग दोघींनी काकूंकडे बघितलं. मालविका हसत होती. "आईची काही नाहीये. आईला आज डायरेक्ट चहा."

समोर वाफाळता कप होता. उचलला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. उलट श्रद्धानं वर आणखी बिस्किटं दिली असती. लेक जवळ बसली होती, खांद्याला खांदा लावून. एवढ्या वर्षांनी मिळालेलं हे सगळं एका घोटाच्या अंतरावर होतं, आणि काकूंनी कप पुढे लोटला.

"माझी आहे," त्या म्हणाल्या. "आवाज आला तेव्हाच मला कळलं होतं. फुरसं आहे हे पहिल्या चरचरीलाच कळलं होतं. नीना त्याच्यासमोर बसत होती. मी बोलले नाही."

कुणालाच काही समजलं नाही. मग हळूहळू समजलं. लागलेला खांदा दूर झाला, हे काकूंना न बघताही कळलं.

"का?" मालविकेनं विचारलं.

"तू तिच्याकडे बघत होतीस म्हणून."

नीनानं आपल्या हाताकडे बघितलं, काठी धरलेल्या त्या उजव्या हाताकडे. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकूंना सहन होईना.

"काकू, किती वेळ गप्प होता?"

काकूंनी लेकीकडे बघितलं. खोटं बोलायची ही शेवटची संधी होती.

"मालविका आत येईपर्यंत," त्या म्हणाल्या.