दोनशे पावलांची खाच

माझ्या नवऱ्याएवढा हट्टी माणूस कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. शाहू महाराजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. हे, म्हणजे ख्वाजा शिकलगार, एका जहागीरदारांच्या शिकारखान्यात बंदुका सांभाळायचे. नळी साफ करणं, बंदुकीच्या घोड्याला तेल देणं ही कामं काय, कुणीही करील. ह्यांचं खरं काम नेम बसवण्याचं.

बंदुकीच्या नळीवर पुढच्या टोकाला माशी, म्हणजे लोखंडाचा बारीक उंचवटा, असते आणि मागे खाच. खाचेतून माशी बघायची, ती जनावरावर धरायची आणि चाप ओढायचा. पण गोळी काही सरळ रेघेत जात नाही. ती आधी नजरेच्या रेघेच्या वर चढते आणि मग खाली येते. किती पावलांवर ती नेमकी त्या रेघेला येऊन मिळावी, हे खाच कापणारा ठरवतो. आमच्या घराण्यात ते दोनशे पावलांवर ठरलेलं होतं. सासऱ्यांनी ठरवलं, ह्यांनी वीस वर्षं पाळलं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

माझंही त्यात काम होतं. हरणाचा मर्माचा भाग भाकरीएवढा. म्हणून मी माझी भाकरी पांढऱ्या कापडावर ठेवायची, भोवती कोळशानं रेघ मारायची आणि कापड कापायची. ते गोल कापड गोणपाटावर टाचलं की त्यावर हे नेम तपासायचे. माझ्या भाकऱ्या एकाच मापाच्या होतात. खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा.

त्या हिवाळ्यात जहागीरदारांनी शिकारीची जागा बदलली. आजवर उघड्या माळावर काळवीट मारायचे, ते लांबूनच मारावं लागायचं. या वेळी पाहुण्यांना घेऊन ते शाहूवाडीच्या रानात भेकराच्या मागे गेले. सासऱ्यांनी खाच कापलेली बंदूक सयाजीच्या हातात होती. सयाजी म्हणजे शिकारखान्यातला पहिल्या नंबरचा नेमबाज. त्यानं तीन दिवसांत तीन भेकरं चुकवली, तीही पाहुण्यांच्या देखत, साठ-साठ पावलांवरून. जहागीरदारांची मान खाली गेली. कारभाऱ्यांनी सांगून टाकलं की सयाजी दारू पिऊन रानात जातो, शुक्रवारी त्याला सगळ्यांसमोर काढून टाकायचा. सयाजीनं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. त्याची बायको शालूबाई पोटुशी होती आणि दारुड्या म्हणून हाकललेल्या नेमबाजाला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं.

बुधवारी पिराजी आमच्या घरी आला. तो शाहूवाडीचा, रानात माग काढायचं काम करायचा. त्यानं कनवटीची पळसाच्या पानाची पुडी सोडली. आत तांबूस केस होते.

"ख्वाजाभाई, भेकराच्या पाठीचं केस हायती. तिन्ही जागी असंच घावलं. केस तुटून पडल्यात, रगात न्हाय. गोळी पाठीला घासून वरनं गेलीया."

ह्यांनी पुडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. साठ पावलांवर चुकायला माणूस आंधळाच लागतो, असं ते म्हणाले. दोनशेवर जी बंदूक भाकरीच्या मधोमध मारते तिला साठ पावलं म्हणजे पोरखेळ, असंही म्हणाले. पिराजीला गूळपाणीही न विचारता वाटेला लावलं. मला भयंकर राग आला. दारात आलेल्या माणसाला असं कुणी पाठवतं का?

घरात आमची दखनी चालते, पण भांडायला आम्हाला मराठीच लागते. मी चुलीपुढून उठून आले आणि विचारलं, "अवो, साठ पावलांवर तुमी कवा मारून बघितलंय?"

वीस वर्षांत ह्यांनी कधीच मारून बघितलं नव्हतं. लांबचं लागतं तर जवळचं लागणारच, असं सासरे समजत होते, म्हणून हेही समजत होते. खरं सांगायचं तर मीही तेच समजत होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तीच बंदूक घेऊन माळावर गेलो. मी पाच कापडं नेली होती. तीस, साठ, शंभर, दीडशे आणि दोनशे पावलांवर ती बाजेच्या जुन्या चौकटींवर लावली. हे आधी दोनशेवर मारून आले. गोळी भाकरीच्या अगदी मध्ये. माझ्याकडे बघून त्यांनी मिशीला पीळ दिला. मग साठवर मारली. धूर विरला तरी कापड कोरं करकरीत होतं. हे चालत गेले आणि गोणपाटातल्या भोकात बोट घातलं. भोक भाकरीच्या काठाच्या वर दोन बोटं होतं.

पुन्हा मारली. पुन्हा तिथंच.

हे तिथंच मातीत बसले. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ते म्हणाले, "अब्बांची खाच माळासाठी बरोबर हाय. अब्बा रानात कवा गेलंच न्हाईत."

मग ते कामाला लागले. साठवर नेम बसवला तर दीडशेच्या कापडावर गोळी फारच खाली पडणार, आणि रानातही कधीमधी जनावर ओढ्यापलीकडे उभं राहतं. तेव्हा अंतर असं निवडायचं की तीसपासून जितकं लांब जाता येईल तितकं गोळीनं भाकरी सोडायची नाही. ह्यांनी कानस हातात घेतली. खाच खोल केली की नळी खाली झुकते आणि गोळी खाली लागते. पण घासलेलं लोखंड परत भरता येत नाही आणि ती खाच सासऱ्यांच्या हातची होती. कानस खाचेत टेकवून हे कितीतरी वेळ नुसतेच बसून राहिले. शेवटी त्यांनी "बिस्मिल्ला" म्हटलं आणि घासायला घेतलं.

थोडं घासायचं, मारायचं, पुन्हा घासायचं. दुपार कलली तेव्हा शंभर पावलांवर गोळी मधोमध आली. तीसवर ती भाकरीत, साठवर भाकरीत. दीडशेवर ती भाकरीच्या खाली गेली, म्हणून ते कापड मी उचलून सव्वाशेवर आणलं, तिथं भाकरीत. दोनशेवर मात्र ती कापडाच्या खाली, गोणपाटही चुकवून मातीत गेली. ह्यांनी ते पाहिलं आणि बंदूक खांद्याला लावून घराकडे चालायला लागले.

शुक्रवारी मी शिकारखान्याच्या फाटकाशी उभी होते. आत बायकांना जाता येत नसे, पण आवाज सगळा ऐकू येत होता. कारभाऱ्यांनी सयाजीला पुढे बोलावलं. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. खालच्या आवाजात बोलणं ह्यांना कधी जमलंच नाही.

"सरकार, सयाजीचा नेम चुकला न्हाय. माझी खाच चुकली. माळाची बंदूक मी रानात धाडली. काढायचंच आसंल तर मला काढा, पर आदी त्याच्या हातात ही बंदूक देऊन बघा."

कारभाऱ्यांनी विचारलं की वीस वर्षं हे कळलं कसं नाही. माळावर चालत होतं म्हणून बघितलंच नाही, असं ह्यांनी सरळ सांगून टाकलं. अख्ख्या शिकारखान्यासमोर. ज्या माणसानं आपल्या हातून मीठ जास्त पडलंय हे कबूल करण्यापेक्षा भात मुकाट्यानं खाल्ला असता, त्या माणसानं.

साठ पावलांवर माझं कापड लागलं. सयाजीचे तीन बार झाले. मग पिराजी ते कापड हातात उंच धरून फाटकापर्यंत आला आणि मला दाखवलं. तिन्ही भोकं भाकरीत होती. दोन तर एकमेकांना चिकटून. सयाजी त्याच्या मागे होता आणि सगळ्यांदेखत रडत होता.

सयाजी कामावर राहिला. ह्यांनाही कुणी काढलं नाही. उलट जोतिबाच्या यात्रेआधी रानासाठी आणखी तीन बंदुका शंभर पावलांवर बसवून द्यायचा हुकूम झाला. पिराजीला ह्यांनी स्वतः घरी आणलं, जेवायला बसवलं आणि त्या दिवशीच्या गूळपाण्याबद्दल माफी मागितली.

सासऱ्यांनी नेम बसवलेल्या बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर लहानशी चंद्रकोर कोरलेली असायची. ती आमच्या घराण्याची खूण. त्या रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि चंद्रकोरीच्या शेजारी एक गोल कोरला. पिराजीनं विचारलं, हा पुनवेचा चांद का?

"न्हाय," हे म्हणाले, "लालबीची भाकरी."

लालबी म्हणजे मी. ती बंदूक अजून कुठंतरी असेल.