दोन बोटांचा सम्राट

सभागृहात एकशे चाळीस डॉक्टर होते आणि एकशे चाळीसच्या एकशे चाळीस उभे राहून टाळ्या वाजवत होते. आता त्यांतल्या कुणालाही विचारा, तो शपथेवर सांगेल, की मी बसूनच होतो. मी मात्र कबूल करतो, मी उभा होतो. हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवत होतो.

शिबिर होतं हृदयाच्या सीटी स्कॅनचं. डॉक्टर झालं म्हणजे शिक्षण संपलं असं नसतं. नोंदणी टिकवायची तर दर काही वर्षांनी पुन्हा बाकावर बसून ठरावीक तास भरावे लागतात. म्हणून तीन दिवस आम्ही शिकणार होतो, की स्कॅनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या कशा बघायच्या, अडथळा कसा मोजायचा, कुणाला या तपासणीची गरज असते आणि कुणाला नसते. मोठ्या रुग्णालयाचं सभागृह, भिंतीपलीकडेच स्कॅनची खोली आणि तिथलं चित्र थेट आमच्या पडद्यावर. माझा दवाखाना गल्लीतला, सर्दी-खोकला आणि रक्तदाबाचा. हृदयाची चित्रं वाचता यावीत अशी मनापासून इच्छा होती. तास भरायचे होते, हेही खरंच.

पण पहिल्याच सकाळी कळलं, की शिकायची काही गरज नाही. व्यासपीठावर साक्षात स्पर्शसम्राट अवतरले होते.

ही पदवी माझी नाही. मागच्या फलकावर ती छापलेलीच होती, सम्राटांच्या फोटोपेक्षा थोड्या लहान अक्षरांत. पांढराशुभ्र कोट, मिटलेले डोळे, आणि उजव्या हाताची दोन बोटं अशी वर धरलेली, जणू त्यांना वारा लागू नये. स्वतःचं मोठं तपासणी केंद्र चालवणारे हे गृहस्थ रुग्णाच्या मनगटावर दोन बोटं ठेवत आणि हृदयातल्या कुठल्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा आहे ते सांगत. मग रुग्ण शेजारच्या खोलीत जाई, स्कॅन होई, आणि पडद्यावर तंतोतंत तेच दिसे.

"यंत्र तुम्हाला रक्तवाहिनीची सावली दाखवतं," सम्राट म्हणाले. "मी प्रत्यक्ष रक्ताशी बोलतो. प्रत्येक पेशीचं एक कंपन असतं. क्वांटम पातळीवर ते बोटांना ऐकू येतं. यंत्र नंतर, मन आधी!"

बोटांना ऐकू येतं म्हणजे काय, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. दोन हृदयतज्ज्ञ तर हे वाक्य वहीत उतरवून घेत होते.

खुर्चीत एक मध्यमवयीन दुकानदार बसला होता. सम्राटांनी त्याचं मनगट धरलं.

"डावी, पुढून उतरणारी रक्तवाहिनी. अगदी सुरुवातीचा भाग. सत्तर... थांबा, रक्त सांगतंय... बहात्तर टक्के!"

त्या दोन टक्क्यांना तोड नव्हती. नुसतं सत्तर म्हटलं असतं तर कुणी अंदाज म्हणालं असतं. खरं तर तासाभरापूर्वीच पहिल्या व्याख्यानात आम्हाला शिकवलं होतं, की स्कॅनवर अडथळ्याचा अचूक आकडा कुणीच सांगू नये. पन्नास ते सत्तरच्या मधे, सत्तरच्या पुढे, असंच बोलावं. पण चमत्कारापुढे व्याख्यान कोण आठवतं? वीस मिनिटांनी पडद्यावर हृदय आलं, मोजपट्टी फिरली आणि आकडा उमटला : बहात्तर. मोजपट्टी फिरवणारा तरुण सम्राटांचाच सहायक होता, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही उभे राहिलो.

चहाच्या सुट्टीत चहापेक्षा मोठी रांग सम्राटांपुढे. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, प्राध्यापक, सगळे बाह्या सारून मनगटं पुढे करून उभे. एरवी रुग्णाने गंडा बांधलेला दिसला की त्याला अर्धा तास झापणारी ही मंडळी! अडाणी माणूस रांगेत उभा राहिला की ती अंधश्रद्धा. डॉक्टर उभा राहिला की तो शैक्षणिक उपक्रम. बहुतेकांना सम्राट एकच शब्द सांगत, "स्वच्छ!" आणि ऐकणारा कृतार्थ होऊन प्रगत स्पर्शवर्गात नाव घालायला शेजारच्या टेबलाकडे वळे.

इथवर गंमतच होती. गंमत संपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या ताईमुळे.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. गेले दोन महिने जिना चढला की तिचा जबडा दुखायचा आणि पायरीवर बसावं लागायचं. ती म्हणायची दात. मला दात वाटत नव्हता. बायकांचं हृदय पुष्कळदा छातीत दुखून सांगत नाही, असं आडवळणानं सांगतं. मी त्याच रुग्णालयात तिचा स्कॅन दुसऱ्या दिवशी दुपारी ठरवला होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी तिला शोधत गेलो, तर ताई पर्स काखोटीला मारून परत निघालेली.

"अगं, कुठे? तुझा नंबर आहे आता."

"रद्द केला मी. तुमचे ते मोठे डॉक्टर भेटले ना इथे. मनगट बघितलं आणि म्हणाले, वाहत्या झऱ्यासारखं स्वच्छ आहे, कशाला उगाच किरणं घेता? बघ बाळ, तुला दोन महिन्यांत कळलं नाही ते त्यांना दोन बोटांत कळलं."

"ताई, असं हात लावून कळत नसतं गं."

"तू स्वतःच काल टाळ्या वाजवल्यास ना? फोनवर तूच सांगत होतास."

ताई निघून गेली. दाताच्या डॉक्टरकडे.

मी तसाच धुसफुसत स्कॅनच्या नियंत्रण कक्षात शिरलो. तिथे आमच्या आठ जणांच्या गटाचा सराव होता. शिकवणारे प्राध्यापक सम्राटांबरोबर फोटो काढायला गेल्यामुळे शिकवत होती मशीनबाई. म्हणजे सीटी स्कॅन चालवणारी तंत्रज्ञ. बावीस वर्षं तिथेच नोकरी, पण रुग्णालयात तिला नावाने कुणी हाक मारत नसे.

"हृदय बघायला आलात म्हणून हृदयच बघू नका," ती सांगत होती. "चित्राचे कोपरे बघा. फुप्फुसात गाठ असेल, यकृतात काही असेल. निदान कोपऱ्यात लपून बसतं."

बाकीचे सात जण कधीच घड्याळाकडे बघत बाहेर पडले. मी थांबलो. मशीनबाईने माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं.

"तुम्हीही मनगट दाखवलंत का?"

"नाही. माझ्या बहिणीने दाखवलं. स्वच्छ आहे म्हणे, म्हणून स्कॅन रद्द करून गेली."

बाईने दार लोटून घेतलं आणि कालच्या दुकानदाराची फाइल उघडली. स्कॅनच्या आधी मशीन एक साधं लांबट चित्र घेतं, कुठून कुठवर बघायचं ते ठरवायला. ते सभागृहाच्या पडद्यावर कधी दाखवत नाहीत. तिथे फक्त हृदय, मोठं करून.

"खालचा कोपरा बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे मूत्रपिंडं असतात तिथे, दोन पांढरेफटक पेल्यांसारखे आकार चमकत होते.

रक्तवाहिन्या उजळून दिसाव्यात म्हणून स्कॅनच्या वेळी शिरेतून एक औषध देतात. ते पुढे मूत्रपिंडांतून बाहेर पडतं आणि त्या वेळी मूत्रपिंडं अशी पांढरी दिसतात. पण हे चित्र तर औषध देण्याआधीचं होतं!

"म्हणजे..." मी म्हणालो.

"म्हणजे आमच्याकडे यायच्या दोनतीन तास आधी कुणीतरी ह्याला तेच औषध दिलं होतं. तसलाच स्कॅन काढला होता. कोपरात सुईची ताजी खूणही होती. मी विचारलं तर म्हणाला, रक्त तपासलं. आज सकाळी खुर्चीत बसवलेला रुग्ण, तोही तसाच. दोघेही सम्राटांच्या केंद्राच्या गाडीतून आले."

रक्त बोलत होतं ते असं. सकाळी सकाळी, छापील अहवालातून.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही मशीन बघा." तिने फाइल बंद केली. "टाळ्यांसाठी एका माणसाला एका दिवसात दोनदा औषध, दोनदा किरणं. मूत्रपिंडं नाजूक असली तर? मी स्वतःच्या हाताने दिलंय ते औषध, डॉक्टर. रात्री झोप लागली नाही. उद्या देणार नाही. पण मी बोलले तर मला गप्प करतील. सभागृहातून कुणीतरी विचारायला हवं, हे पांढरं काय आहे? एवढंच."

माझ्या डोळ्यांपुढे प्रथम काय आलं असेल? माझे भरलेले तास, ते बुडाले तर! खोटं कशाला सांगू. मग ताई आली, जिन्याच्या पायरीवर बसलेली.

"मी विचारतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत एक वयस्क शिंपी होता. सम्राटांनी डोळे मिटले. "उजवी रक्तवाहिनी. मधला भाग. त्रेसष्ट टक्के!" शिंप्याला आत नेलं. सम्राट पाणी प्यायले, कंपनांवर दोन वाक्यं बोलले.

आणि पडद्यावर हृदयाऐवजी ते लांबट चित्र आलं, हनुवटीपासून पोटापर्यंत. खाली दोन पांढरे पेले. बराच वेळ ते हललंच नाही.

मी उठलो. "सर, एक शंका. रुग्णाला अजून औषध दिलेलं नाही. मग खाली ते पांढरं काय आहे?"

"तांत्रिक दोष," सम्राट हसून म्हणाले. "यंत्रं अशीच असतात."

"दोष कसला?" मधल्या रांगेतून मूत्रपिंडांचे तज्ज्ञ उठले. त्यांच्या अवयवाबद्दल कुणी काहीही बोललेलं त्यांना खपत नसे. "हे औषधच आहे! कुणी दिलं आधी?"

तेवढ्यात ध्वनिक्षेपकातून मशीनबाईचा आवाज आला. "मी पुढे जाणार नाही. ह्यांना आज आणखी औषध देता येणार नाही. काका, सकाळी कुठे गेला होतात?"

मशीनच्या पोटातून शिंप्याचा भाबडा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. "सरांच्याच सेंटरमध्ये की. सातला. असंच झोपवलं होतं, असंच गरम गरम वाटलं अंगात. फुकट तपासणी होती. कुणी विचारलं तर सांगू नका म्हणाले होते... सांगितलं तर चालतं ना हो?"

चांगलं चाललं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "बाहेर आज नेहमीच्या यादीतले सहा रुग्ण बसलेत. त्यांना आधी कुणी तपासलेलं नाही. त्यांची मनगटं बघा, आकडे लिहून पाकिटात बंद करा, मग स्कॅन बघू."

सम्राटांनी दोन्ही बोटं खिशात घातली. "अविश्वासाच्या वातावरणात कंपनं मरतात," ते म्हणाले, आणि कंपनांना वाचवण्यासाठी बाजूच्या दाराने निघून गेले. मागोमाग मोजपट्टीवाला. विभागप्रमुख फलक उतरवायला स्वतः शिडीवर चढले.

मी तडक ताईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. पण एकदा मनात बसलेलं "स्वच्छ" सहज निघत नाही.

"त्यांची फसवाफसवी त्या तिघांपुरती असेल," ती म्हणाली. "मला कशाला खोटं सांगतील? माझ्याकडून त्यांना काय मिळालं?"

"ताई, ज्यांना ते स्वच्छ म्हणतात, त्यांतला कुणी मशीनवर जातो का?"

"नाही. कशाला जाईल?"

"मग ते चुकले की बरोबर, हे कळतं कधी?"

माझ्याकडे ताईने असं पाहिलं, जसं वर्गात फळ्यावर स्वतःचीच चूक सापडल्यावर पाहत असेल.

"म्हणजे पेपर तपासायचाच नाही आणि शंभरपैकी शंभर द्यायचे," ती हळूच म्हणाली. "चल. पर्स घेते."

त्याच संध्याकाळी मशीनबाईने तिचा स्कॅन केला. पडद्यावर मला जे दिसलं ते ओळखायला तीन दिवसांचं शिक्षण पुरेसं होतं. डावीकडची मुख्य रक्तवाहिनी, जिच्यावर अर्ध्याहून अधिक हृदय जगतं, ती तोंडाशीच दोऱ्याएवढी उरली होती. चार दिवसांनी ताईची शस्त्रक्रिया झाली. आता ती जिना चढते, जबडा दुखत नाही, आणि दात काढायचा राहिला म्हणून दंतवैद्य तेवढा नाराज आहे.

आम्हा डॉक्टरांकडे ज्ञान कमी नव्हतं. त्या सभागृहातल्या कुणालाही तुम्ही पांढऱ्या मूत्रपिंडाचं कारण विचारलं असतं, तर त्याने झोपेत सांगितलं असतं. पण टाळ्या वाजवताना हात मोकळे नसतात आणि डोकं तर अजिबात नसतं. पदवी भिंतीवर टांगली म्हणजे शंका घ्यायची सवय आपोआप लागत नाही. ती रोज लावून घ्यावी लागते. आणि शंका कोण घेतो आहे ते बघू नका, प्राध्यापक की मशीन चालवणारी बाई. शंका काय आहे ते बघा.

शिबिरानंतर मी आणि मशीनबाई बसून चहाच्या रांगेतली माणसं आठवू लागलो. आमच्या शिबिरातल्या एकोणतीस जणांना आम्ही गाठलं. तपासणीची गरज असलेले तपासून घ्यायला गेले. पण सम्राटांनी याआधी किती शिबिरं केली, किती रांगा लावल्या, किती जणांच्या मनगटाला हात लावून त्यांना निर्धास्त घरी पाठवलं? ती यादी कुणाकडेच नाही. त्यांचे बरोबर आलेले आकडे तेवढे फलकावर छापलेले होते.

तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर त्याचे यश मोजत बसू नका. एकच विचारा. चुकलेले कुठे लिहून ठेवलेत? उत्तर आलं नाही, तर हात खिशात ठेवा आणि नीट तपासणी करून घ्या.