दुसरा ग्लास

प्रियंकाने ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला, हलकेच गोल फिरवला आणि नाकाशी नेला. समोर बसलेला शाम आडे ग्लासाकडे बघत नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्या नजरेत लाळघोटेपणा नव्हता, तसा असता तर तिला ती ओळखीची वाटली असती. तिच्या कपाळावर, नाकपुड्यांपाशी काहीतरी उमटणार आहे आणि ते आपल्याकडून निसटायला नको, अशा एकाग्रतेने तो बघत होता.

तिने खुर्ची जराशी तिरकी केली.

“कसा आहे?” त्याने विचारलं.

“अजून घोट घेतला नाही.”

“नाही, वास. वास कसा आहे?”

नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ती लहान कारखान्यांच्या बिअरवर लिहायची. आजवर भेटलेला प्रत्येक बिअरवाला ग्लास पुढे केल्याबरोबर स्वतःच बोलत सुटायचा: यात हे घातलंय, त्याचा असा वास येईल, मागून तसा येईल. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला हा माणूस मात्र स्वतः काही सांगत नव्हता, नुसतं विचारत होता.

सकाळी निघताना विक्कीचा फोन आला होता. विक्कीचं नागपुरात हॉटेल होतं आणि आडेची बिअर पहिल्यांदा त्यानेच ठेवली होती.

“जाऊन राह्यली तं नीट पाहून ये,” तो म्हणाला होता. “त्याचा माल आता पयल्यासारखा नाही येत. एक खेप मस्त, दुसरी पार अलग. मले तं वाटते थो बनवतच नाही. कोठून तरी आणते आन् आपल्या पिंपात भरते.”

ती गोष्ट डोक्यात घेऊनच ती एसटीतून उतरली होती.

पहिल्या ग्लासात ‘हुरडा’ होती. ज्वारी घालून केलेली, फिकट सोनेरी, साधी आणि नेटकी. तिने तसं सांगितलं. आडेचे खांदे किंचित खाली आले. त्याने आपल्या ग्लासातून घोट घेतला; मात्र ग्लास नाकाशी न नेता, चहा प्यावा तसा.

मग त्याने दुसरा ग्लास पुढे सरकवला. “ही मोहफूल. सध्या हिलाच मागणी आहे. आज गाडी जातेय नागपूरला.”

बाहेर आवारात खरोखरच एक छोटा टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर पिंपांवरून दोर आवळत होता.

ग्लास तोंडाजवळ आला आणि प्रियंकाचा हात थांबला. मोहाच्या फुलांचा गोडसर, जड वास तिला ठाऊक होता. तो होताही. पण त्याच्या खाली दुसरा एक वास दबा धरून बसला होता. खवट, तेलकट, न उघडलेल्या फडताळासारखा. तिने एक छोटा घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि शेजारच्या भांड्यात थुंकला.

आडे पुढे झुकला. “काय झालं?”

“काही नाही. मी सगळ्याच थुंकते. परत बसनं जायचंय.”

“पण मघा नव्हती थुंकली.”

त्याचं लक्ष होतं तर. प्रियंकाने पाण्याचा पेला उचलला. ही बिअर नासली होती, हे कुणाही बिअरवाल्याला पहिल्याच वासात कळलं असतं. मग हा माणूस ती तिच्यापुढे ठेवतो, वर हिलाच मागणी आहे म्हणतो, आणि तिचं तोंड बघत बसतो. हिला खरंच काही कळतं की ही नुसती लिहिणारी आहे, याची परीक्षा चालली होती? की त्याला आपल्या पिंपात काय आहे हेच माहीत नव्हतं?

“छान आहे,” ती म्हणाली. “मोह चांगला उतरलाय.”

“हो ना?” आडेचा चेहरा उजळला. त्याने तीच बिअर मोठ्या घोटात प्यायली. परीक्षा घेणारा माणूस इतका मनापासून पिणार नाही, असं तिला वाटून गेलं. पण तेवढ्याने संशय जाईना.

मागच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. साडीवर जुना स्वेटर, हातात ओलं फडकं. आडेने ओळख करून दिली, “माझी मिसेस, पुष्पा.” पुष्पाने मान हलवली आणि नवऱ्याशी गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, काहीतरी बोलली. त्याने त्याच भाषेत तोडून उत्तर दिलं. प्रियंकाला शब्द कळले नाहीत. पण पुष्पाने दोनदा त्या दुसऱ्या ग्लासाकडे पाहिलं, हे तिने टिपलं.

तिसरा ग्लास काळाभोर होता. ‘काजळी.’ करपवलेल्या सातूचा, कॉफीच्या जवळ जाणारा वास. त्यात दुसरं काही नव्हतं. प्रियंकाने तो पुन्हा एकदा हुंगला आणि ठरवून म्हणाली,

“संत्र्याची साल घातली आहे का हो यात? मस्त येतोय वास.”

आडेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याला हसू दिसलं.

“हो,” तो म्हणाला. “थोडी घालतो.”

“कोठची साल?” पुष्पा दारातून म्हणाली, आणि लगेच तिने ओठ मिटले.

प्रियंकाने ग्लास खाली ठेवला आणि पर्स खांद्याला लावली.

“आडे साहेब, यात संत्रं नाहीये. मी मुद्दाम बोलले. ही बिअर तुम्ही करता का?”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसऱ्या कुणाची आणून भरता का, असं विचारतेय. आपण काय घातलंय हे करणाऱ्याला माहीत असतं.”

आडेचा चेहरा काळवंडला. तो उठला तेव्हा खुर्ची मागे घसरली. “विक्कीनं पाठवलं ना तुमाले?” आतापर्यंत जपून बोललेली पुस्तकी भाषा गळून पडली होती. “मले माहीत होतं. भाव पाडाचा असन तं सरळ पाडा म्हना. चोर कायले म्हनता? चला. चला आत. पाहून घ्या कोन बनवते थे.”

ती त्याच्यामागे गेली. पत्र्याच्या उंच शेडमध्ये स्टीलच्या टाक्या रांगेने उभ्या होत्या. कोपऱ्यात वापरून झालेल्या सातूचा ओला ढीग वाफाळत होता. एका मोठ्या टाकीखाली गॅसची शेगडी भणभणत होती. सगळं चालू होतं, सगळं खरं होतं. आडे बोटाने दाखवत, मोठ्याने बोलत चालला होता. पुण्याच्या एका कारखान्यात आपण किती काळ काढला, ही टाकी कशी आणली, ज्वारीचा गोळा होऊ नये म्हणून काय करावं लागतं. खोटं बोलणाऱ्याचं ते बोलणं नव्हतं. प्रियंकाला एव्हाना आपलीच लाज वाटायला लागली होती.

आणि तेवढ्यात तिला तो वास आला. आधी कॅरॅमलसारखा, मग धुरकट, मग घशात बसणारा करपट. शेगडीवरच्या टाकीतली ढवळणी बंद पडली होती आणि तळ लागला होता. आडे त्या टाकीपाशीच उभा होता. बोलत होता.

प्रियंकाला खोकला आला. तिने नाकावर ओढणी धरली. तो थांबला आणि तिच्याकडे बघू लागला, पुन्हा तसाच, कपाळाकडे आणि नाकाकडे. काहीतरी झालंय हे त्याला कळलं होतं. काय, ते कळत नव्हतं.

“अवं, जळून राह्यलं नं!” पुष्पा धावत आली. तिने नवऱ्याला बाजूला सारलं आणि शेगडी बंद केली.

भणभण थांबली. प्रियंका आडेकडे बघत राहिली. आता तिचीच नजर त्याच्या नाकावर होती.

“तुम्हाला वास येत नाही,” ती म्हणाली.

आडेने टाकीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं.

“सांगून टाका,” पुष्पा म्हणाली. “किती दिस झाकान?”

तो पायरीवर बसला.

“गेल्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती,” तो म्हणाला. “बोंडअळीनं सारे येडे झालते. औषधाच्या फवाऱ्याले मानूस भेटे ना. आमचा मोठा, देवीलालभाऊ, म्हने, ये बाप्पा दोन दिवस. मी गेलो. वारं उलटं होतं. तोंडाले रुमाल बांधला होता, थोच औषधानं भिजला.” त्याने नाकावरून हात फिरवला. “भाऊ दवाखान्यात गेला थो परत नाही आला. माझं नाक गेलं. लोक म्हनतात, शाम थोडक्यात वाचला.”

शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती. त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“येईन म्हनतात. कधी, थे नाही सांगत. गोड, कडू, आंबट कळते जिभेले. बाकी सारं पानी.” त्याने पुष्पाकडे बोट केलं. “हिच्या नाकानं चालवून राह्यलो.”

“मले काय समजते त्यातलं?” पुष्पा म्हणाली. “मले तं समदीच सडली वाटते. पयलेपासून. चांगली कोनती आन् वाईट कोनती, कशी सांगू?”

म्हणून तो चेहरे वाचत होता. येणाऱ्या प्रत्येकाला ग्लास द्यायचा आणि त्याच्या कपाळावर काय लिहून येतं ते बघत बसायचं. आणि तिने त्याला चेहरा खोटा दाखवला होता. एकदा नाही, दोनदा.

बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

“गाडी थांबवा,” प्रियंका म्हणाली. “मोहफूल खराब आहे. मी मघाशी खोटं बोलले.”

आडे उठला, पण दाराकडे गेला नाही. “मघा चांगली होती. आता खराब झाली. संत्रं होतं, मग नव्हतं. तुमचं कोनतं खरं धरावं मी?” त्याच्या आवाजात आता राग नव्हता. “सारी टाकी आहे ती, मॅडम. गाडी थांबवली तं विक्की दुसऱ्याची बिअर लावते. उद्या समजलं का तुमी त्याचंच मानूस होत्या, तं मी काय करू?”

त्याच्या जागी आपण असतो तरी हेच म्हटलं असतं, असं तिला वाटलं. पुष्पा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून निरोप मागत होता.

“कशी खराब आहे, थे सांगा,” आडे म्हणाला. “पेपरातल्या भाषेत नका सांगू.”

प्रियंकाने डोळे मिटले. तो वास तिने पुन्हा नाकात आणला. पेपरातले सगळे शब्द तिने बाजूला सारले, आणि मग जे तोंडात आलं ते तिच्या आईच्या बोलीत आलं, जी तिने नागपुरात कितीतरी वर्षं वापरली नव्हती.

“लोनी लय दिस साठवलं,” ती म्हणाली, “आन् मग कढवलं, का कसं होते? वरतून तूप चांगलं दिसते, पिवळं. पन खाली बेरी राह्यते ना, थिचा वास सुटते. खवट. भांडं कितीबी घासा, हाताले लागूनच राह्यते. आन् जिभेवर असं गुळगुळीत. तेल लावल्यावानी.”

आडे तिच्याकडे बघत होता. या वेळी तिच्या डोळ्यांकडे.

“गुळगुळीत मलेबी लागलं होतं,” तो सावकाश म्हणाला. “मी समजलो, मोहाच्या फुलाचं असन.” मग त्याने विचारलं, “तुमी कोठच्या?”

“इथलीच, दारव्ह्याची. आडनाव मनवर.”

मग दारापाशी जाऊन त्याने ड्रायव्हरला हाक मारली आणि दोन्ही हातांनी खूण केली, बंद कर, उतरव.

पिंपं एकेक करून परत आत आली. पुष्पा ड्रायव्हरसोबत उचलू लागली. शेवटी आडे मोहफूलच्या टाकीपाशी गेला, खाली वाकला आणि तळाची तोटी पूर्ण उघडली. बिअर फेसाळत फरशीवर आली आणि नालीकडे धावली. तो वास आता शेडभर उठला. पुष्पाने नाकाला पदर लावला, ड्रायव्हर बाहेर पळाला. प्रियंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकटा आडे त्या लोंढ्याच्या मधोमध, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून, नळीने फरशी धूत होता. त्याला काही घाई नव्हती.

टाकी रिकामी झाली. फरशी स्वच्छ दिसू लागली. नागपूरची गाडी गाठायची तर आता निघायला हवं होतं.

आडेने नळी हातात तशीच धरून मान वर केली.

“गेला का आता?”

प्रियंकाने ओढणी नाकावरून काढली, श्वास घेतला.

“नाही.”

त्याने कोपऱ्यातून पाणी मारत आणलं, टाकीच्या पायांखालून, नालीच्या जाळीवरून. प्रियंकाने भिंतीकडचं एक रिकामं पिंप ओढलं, त्यावर बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

“आता?”

“थोडा आहे अजून. तिकडे, उजवीकडे.”

आडेने पाणी उजवीकडे वळवलं.