झाडांचा पहिला वाढदिवस

सिमेंट कंपनीच्या प्रसिद्धी अधिकारी बाईंचा फोन सकाळपासून वाजत होता. 'आमच्या दहा हजार झाडांचा पहिला वाढदिवस. टेकडीवर अवश्य यावे.' अशी निमंत्रणं कंपनीच्या नावानं शहरभर गेली होती. कंपनीनं ती धाडलीच नव्हती. कारखान्याच्या धुराला वैतागलेल्या कुणीतरी थट्टा केली होती.

"जा आणि सगळ्यांना वाटेला लावा," संचालक म्हणाले. "हे निस्तरलं नाही, तर उद्या कामावर येऊ नका."

बाई टेकडीवर पोचल्या तेव्हा पत्रकार हजर होते. आणि त्यांची नणंदही! शाळेत शिकवणारी नणंद अख्खा वर्ग घेऊन आली होती. प्रत्येक मुलाच्या हातात पाण्याची बाटली. झाडांसाठी.

"वहिनी, अगं झाडं कुठायत?"

समोर नुसते खड्डे होते, गवत माजलेले. एक मुलगी वाकून बघत म्हणाली, "अजून उगवलं नसेल," आणि तिनं बाटली खड्ड्यात रिकामी केली.

बाई चिडून कुजबुजल्या, "लेकरांना उन्हात फसवलं मेल्यांनी! असल्या थट्टेनं काय साधतं? लोक दोन दिवस हसतात नि विसरतात. कारखान्याचा धूर थांबतो का?"

"नुसत्या थट्टेनं नाही थांबत, खरंय. पण मुलांना फसवलं कुणी, वहिनी? त्यांनी फक्त बोलावलं. दहा हजार झाडांची जाहिरात कुणाची? वर्षभर फळ्याशेजारी लावली होती मी. माझ्या वहिनीनं लिहिलीय म्हणून मिरवत होते!"

बाईंना गेल्या वर्षीचा तो दिवस आठवला. रोपं फोटोपुरती आणली होती. संध्याकाळी त्याच ट्रकमधून ती रोपवाटिकेत परत गेली, तेव्हा त्या इथंच उभ्या होत्या.

"निमंत्रण खोटं आहे का?" एका पत्रकारानं विचारलं.

"हो, खोटं आहे," बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य उच्चारलं की नोकरी गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्या ओल्या खड्ड्याकडे पाहिलं. "आणि झाडंही खोटी! इथं एकही रोप लावलेलं नाही. ती जाहिरात मी लिहिली."

दुसऱ्या दिवशी बाईंची नोकरी गेली. आठवडाभरात जाहिरातीचे फलक उतरले. धूर अजून आहे. त्याविरुद्ध नागरिकांनी केलेल्या तक्रारीवर पहिली सही बाईंची आहे.

वाचकहो, थट्टा लोकांना खोट्याच्या दारापर्यंत आणते. कडी मात्र आतल्याच कुणालातरी काढावी लागते. ते आतलं माणूस आपण असू, तर कुणी थट्टा करील याची वाट पाहू नये.