सुरुंगाची शिट्टी

गिरणी सुटली, पण गिरणीने दिलेलं बहिरेपण दत्तारामला सुटलं नाही. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कान केव्हा गेले ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. तिथे त्यावाचून अडतही नव्हतं. कापड विणणारे सगळेच एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचे.

संपात गिरणी गेली. शेजारच्या साच्यावरच्या जयवंताच्या ओळखीने तो मुलुंडच्या डोंगरातल्या खाणीत घण मारायला लागला. बहिऱ्याला कोण ठेवणार, म्हणून त्याने ते सांगितलंच नाही. खडीचं क्रशर दिवसभर असं गरजायचं की तिथे चांगल्या कानाचा माणूसही अर्धा बहिरा. त्यामुळे निभावून गेलं.

पंचाईत एकच होती. धुळीमुळे सगळे तोंडाला फडकं बांधत, आणि फडक्याआडचे ओठ दिसत नसत. जयवंत तेवढा त्याच्याशी बोलताना फडकं खाली ओढायचा, धूळ खायचा, मग खोकत बसायचा. सुरुंगाची शिट्टी झाली की खांद्यावर थाप द्यायचा. "चल रे मेल्या! कानात गिरणीच्या बाबिनी घालून इलंस काय?"

त्या दिवशी जयवंत तापाने पडला होता. डबा हातात देताना दत्तारामची बायको जानकी त्याच्या समोर येऊन उभी राहिली.

"आज ऱ्हवा घराक. जयवंतभावजी नाय तर तुमका कोण सांगतलो?"

"लोक उठले की मी उठतलंय," तो म्हणाला आणि निघाला. हातावर पोट असलेल्याने घरी राहून करायचं काय?

दर थोड्या वेळाने मान वर करून तो लोकांकडे बघत होता. दुपारी मात्र एक धोंडा हट्टाला पेटला. हाती घेतलेलं काम तडीस जाईपर्यंत मान वर करायची नाही, ही साच्यावरची सवय. धोंडा फुटेना, आणि मान वर होईना.

कुणीतरी मागून कॉलर धरून त्याला फरफटत नेलं. मोठ्या दगडाआड दोघे कोसळले तेव्हा धमाका त्याला छातीत कळला. धूळ बसल्यावर दिसलं, ओढून आणणारा राजाराम होता. सुरुंगाची वात पेटवणारा. वरून आलेल्या दगडाने त्याचा कोपराखालचा हात भलतीकडेच वळला होता.

मुकादम दशरथ धावत आला. खाणीची पिवळी हेल्मेटं हापिसात खुंटीला असत, तपासणीचे साहेब आले की खाली उतरत. आता शेठना काय सांगायचं, ही त्याला चिंता. तोंडात कायम तंबाखू, म्हणून तो फडकं बांधत नसे. त्याचं बोलणं दत्तारामला स्वच्छ दिसत होतं.

"शिट्टी न मारता वात लावलीस ना, राजाराम?"

राजारामने जोराने नकारार्थी मान हलवली. शिट्टी झाली होती हे सांगायला चार माणसं पुढे आली.

"तुम्ही गप बसा! ह्याचेच गाववाले तुम्ही. दत्ताराम, तू जवळ होतास. शिट्टी ऐकलीस?"

"नाही."

खोटं नव्हतं. पण फडक्यावरचे राजारामचे डोळे त्याच्याकडे लागले होते.

"बस्स!" मुकादमाचा चेहरा सैल झाला. "ह्याची चूक. औषधपाणी ह्याचं हा बघेल."

आणखी काही बोलायची गरज नव्हती. उद्या जयवंत येईल, खांद्यावर थाप देईल, दिवस ढकलले जातील. ढकलून ढकलून दत्तारामचा जीव मेटाकुटीला आला होता.

"मुकादम, मी ऐकली नाही, कारण मला ऐकूच येत नाही. गिरणीपासनं. सगळे उठले ते शिट्टी झाली म्हणूनच ना?"

मुकादम त्याच्या पाठीमागे गेला, आणि परत समोर आला. मागून काहीतरी ओरडून बघितलं असावं.

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर ठेवलं असतंत?"

मुकादम बाजूला थुंकला. "उद्यापासून येऊ नकोस. आणि टेम्पो आणा रे, ह्याला हॉस्पिटलात न्या. खाणीच्या खर्चाने."

टेम्पोत चढवताना राजाराम फडक्याआडून काहीतरी म्हणाला. दत्ताराम नुसता बघत राहिला. तेव्हा राजारामने धडधाकट हाताने फडकं हनुवटीखाली ओढलं.

"कडेकडेने जा रे घरी. खडीचे ट्रक मागून हॉर्न मारतात, तुला कळायचं नाही."

दत्तारामने डबा उचलला. घरी जायची नाहूरपर्यंतची वाट तो रोजचीच चालला, फक्त आज दर थोड्या वेळाने थांबून मागे बघत.