अकरा गाड्यांची चार चाकं

मिलोयको माझा धाकटा भाऊ. त्याला आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व आहे: त्याची गाडी वार्षिक तपासणीत आजवर एकदाही नापास झालेली नाही. तीन नोकऱ्या सोडल्या, एक लग्न मोडलं, घराचं छप्पर दोन हिवाळे गळतंय, पण गाडी पास. नऊ वर्षांपूर्वी जर्मनीहून आणलेली जुनी, हिरवी, बुटकी डिझेल. घरात तिला बेडकी म्हणतात. खानावळीत दोन पेले राकिया पोटात गेली की हा टेबलावर मूठ आपटून सांगतो, "नऊ वर्षं! पहिल्या फटक्यात! आणि माझी सख्खी बहीण तपासते, तरी सूट नाही हं!"

ही सख्खी बहीण मी. रोसांदा. गावच्या तपासणी केंद्रात सहा वर्षं आहे. सूट नाही हे खरंच होतं. बेडकी माझ्या हाताखालून सहा वेळा गेली आणि सहाही वेळा मी तिला निमूट पास केली, कारण नापास करावं असं काही सापडलंच नाही. खरं सांगायचं तर मलाही तिचा थोडा गर्व होता. आता तो आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या दिवशी नोव्हेंबरची वीस तारीख होती. पहाटे खिंडीत बर्फ पडलं होतं, गावात नुसतं दव गोठलेलं. नऊ वाजता बेडकी आली. पुढच्या सीटवर आई. आईला आठवड्यातून तीन दिवस उझित्सेच्या इस्पितळात रक्त शुद्ध करायला न्यावं लागतं. खिंड ओलांडून चाळीस किलोमीटर जायचं आणि चाळीस यायचं. नेतो मिलोयको. ते मात्र न चुकता नेतो, ते श्रेय मी कधी काढून घेतलेलं नाही.

"लवकर उरक गं ताई," तो उतरत म्हणाला. "बाराला आईचं मशीन आहे. आणि आज तारीख संपते, रस्त्यात पोलिसाने धरलं तर भुर्दंड."

"मग काल का नाही आलास?"

"काल गाडी तयार नव्हती."

तयार म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, नेहमीचं. आमच्याकडे तपासणीच्या आधी डिझेल गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पिळतात, म्हणजे आतली काजळी उडून जाते आणि यंत्राला धूर कमी दिसतो. सगळं गाव करतं. हे मला ठाऊक आहे आणि याकडे मी डोळेझाक करते, कारण इंजिन धुऊन निघालं तर बिघडलं कुठे.

आईला खुर्ची दिली, पण ती उतरेना. "मी बसते इथेच. चढउतार नको." तिच्या डोक्यावरची, गाडीच्या छताला असते ती धरायची मूठ एका बाजूने उखडली होती, स्क्रू लोंबत होता.

"हे काय रे?"

"आई धरून बसते ना, ओढून ओढून निघालं," मिलोयको म्हणाला. "म्हातारी माणसं. सवय असते."

मी कागदावर लिहिलं: मूठ सैल. एवढ्यावर गाडी नापास होत नाही.

धूर ठीक. दिवे ठीक. ब्रेक तपासायच्या फिरत्या रुळांवर गाडी घातली, डावं-उजवं जवळपास सारखं. टायरच्या खाचांत माप घातलं, सहा मिलिमीटर, चारही. हिवाळी टायर, नव्यासारखे. मिलोयको खिशात हात घालून शीळ घालत होता. केंद्राचा मालक क्रस्मान काचेआडून कॉफी पीत म्हणाला, "बेडकी म्हणजे घड्याळ आहे, घड्याळ!"

मग मी ब्रेकच्या नळ्या बघायला गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. बॅटरी वर धरली आणि पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला मला पिवळा रंग दिसला.

तळहाताएवढा डाग. खाली ओघळ, ओघळाच्या टोकाला थेंब. तो थेंब माझा. जुलैत मी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार रंगवत होते, शेजारी आमचे हिवाळी टायर रचलेले, आणि डबा लवंडला. नवरा तेव्हा म्हणाला होता, "राहू दे, आतली बाजू आहे, कोण बघतंय."

कोण बघतंय! मी बघत होते. खड्ड्यात उभी राहून, मान वर करून, स्वतःच्या गाडीची चाकं भावाच्या गाडीखाली बघत होते.

मी वर आले ती सरळ मागच्या दाराने अंगणात गेले. माझीही गाडी तीच, फक्त पांढरी. आमच्या गावात चारातल्या तीन घरी तीच गाडी आहे, सगळ्या एकाच माणसाने जर्मनीहून आणलेल्या. सगळ्यांना सारखीच चाकं बसतात. मी वाकून माझ्या गाडीच्या टायरवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. अंड्यासारखा. सकाळी याच टायरांवर मी नऊ किलोमीटर आले होते, उताराने, गोठलेल्या दवावरून, रेडिओ ऐकत. अख्ख्या गावाचे टायर मोजणारी बाई, आणि दिव्याखाली अंधार!

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी आधी संगणकापाशी गेले. आमच्याकडे प्रत्येक गाडीचा रुळांवरचा फोटो काढून ठेवावा लागतो. आमच्या त्या डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर तीन ओरखडे आहेत, नवऱ्याने चर्चपुढच्या दगडाला घासलेले. मी कधी रिम बघत नाही, खाच बघते. आता रिम बघितले. पहिली गाडी ऑक्टोबरच्या तीन तारखेची, माझी. मग टपालवाल्याची. मग शाळेच्या मास्तरणीची. मग एकेक. तीन ओरखडे, तीन ओरखडे, तीन ओरखडे. अकरा गाड्या. पहिली माझी, अकरावी बेडकी. आणि अकराही ठिकाणी खाली माझी सही.

"मिलोयको," मी म्हणाले, "ही चाकं कुणाची?"

शीळ थांबली. "कुणाची म्हणजे? गाडीची."

"खोटं बोललास तर याच खड्ड्यात पुरीन."

त्याने मालकाकडे बघितलं. मालकाने कॉफीत बघितलं. म्हणजे तोही! सगळ्या गावाची अळीमिळी गुपचिळी, आणि येडी मी एकटी.

"अगं, दाजी देतात," मिलोयको म्हणाला. "सगळ्यांनाच देतात. तपासणी झाली की परत. एक बाटली द्यायची, बस. यात एवढं काय? तुझ्याच नवऱ्याचा मोठेपणा आहे. आधी तो दुसरा संच होता, तो झिजला, म्हणून यंदा..."

"आधी? म्हणजे सहाही वर्षं?"

"नऊ," तो हळूच म्हणाला. एवढं झालं तरी आकडा बरोबर सांगायची हौस.

"आणि आता इथून कुठे जाणार होतास?"

"तुमच्या शेडवर. चाकं बदलायला. रादिशा बेकरीवाला साडेदहाला येतोय, त्याची अकराची वेळ आहे."

"आणि आई?"

"मग आईला घेऊन उझित्सेला."

"म्हणजे हे टायर काढायचे. गुळगुळीत घालायचे. आणि मग, त्यावर, आईला बसवून, खिंडीतून. बर्फातून."

"नऊ वर्षं काही झालंय का?" त्याचाही आवाज चढला. चोराच्या उलट्या बोंबा! "मी गाडी चालवतो, टायर नाही चालवत! हळू जातो मी! तू एक दिवस तरी आलीस का तिला न्यायला? इथे बसून मापं घालतेस नुसती!"

हे लागलं. लागायलाच हवं होतं. पण राग त्याने कमी झाला नाही, उलट वाढला.

"शिकारीचा कुत्रा घेतलास ना वसंतात? वंशावळीच्या कागदांसकट? त्याच्या निम्म्यात चार टायर आले असते!"

"कुत्र्याला मध्ये आणू नकोस!"

"पुरे!" गाडीतून आई ओरडली. तिने काच खाली केली होती. "लोक बघतायत. रोसांदा, सही कर आणि सोड आम्हाला. मला माहीत होतं चाकांचं. मागच्या वर्षी तर शेडमध्ये बोल्ट मीच ओंजळीत धरून बसले होते."

"आई! तुला माहीत होतं?"

"अगं, दर दोन दिवसांनी हातात एवढाल्या सुया घालतात माझ्या. मला टायरची भीती घालतेस?"

मालक बाहेर आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "रोसा, हे बघ, आत्ता गाडीवर टायर चांगलेच आहेत ना? तू जे दिसतं ते तपास. पुढचं आपल्याला काय."

"खरंय," मी म्हणाले. "आत्ता गाडीवर टायर चांगलेच आहेत."

मी सही केली. शिक्का मारला. पास. मिलोयकोने सुटकेचा श्वास सोडला आणि दाराकडे हात नेला.

"थांब. अजून झालं नाही."

आमच्या काउंटरवर चाकांचे कुलपी बोल्ट विकायला असतात. प्रत्येक चाकाला एक. त्यांची स्वतःची किल्ली असते, तिच्याशिवाय चाक निघत नाही. मी एक पाकीट फोडलं. पाना घेतला आणि जमिनीवर बसून चारही चाकांचा एकेक बोल्ट काढून कुलपी घातला. घाईत दुसऱ्या चाकाला बोटाचं साल निघालं. मिलोयको डोक्यावर उभा राहून आधी हसला, मग विनवणीला आला, मग शिव्यांवर.

तेवढ्यात नवरा आला. कुणीतरी फोन केला असणार. तिहोमिर धापा टाकत, चपलांवर, शेडमधून धावत आलेला.

"रोसा, वेड लागलं का तुला? ती आपली चाकं आहेत!"

"हो का? आपली? मग आपल्या गाडीवर का नाहीत?"

"अगं, आज संध्याकाळी परत घालणारच होतो..."

"संध्याकाळी! मी सकाळी कशावर आले रे? सांग ना. तुझी बायको सकाळी उतारावरून कशावर आली?"

त्याच्या तोंडावरून मला दिसलं, की हा विचार त्याच्या डोक्यात खरोखर आलाच नव्हता. वाईट माणूस नाही तो. कुणी काही मागितलं तर नाही म्हणायला त्याची जीभ वळत नाही, आणि त्याच्या या चांगुलपणाने एक दिवस कुणाचा तरी जीव गेला असता. दुष्ट असता तर सोपं होतं.

"रादिशाला मी शब्द दिलाय," तो शेवटी म्हणाला.

"रादिशाला सांग, टायर घे. पाव विकतोस, टायर विकत घे."

मी चौथा बोल्ट आवळला. किल्ली कुणाला द्यायची? मिलोयकोला दिली तर खिंडीच्या आधी चाकं उतरतील. माझ्याकडे ठेवली आणि वाटेत पंक्चर झालं तर दोघं बर्फात बसतील. मी आईची पिशवी उघडली. तिच्यात इस्पितळाचं कार्ड, शाल आणि रुमालात बांधलेला पोळीचा तुकडा होता. त्यात मी किल्ली टाकली.

"ही तुझी, आई. पंक्चर झालं तर दे. एरवी कुणालाही द्यायची नाही. पोराला नाही, जावयाला नाही."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीची कडी लावली, ती मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चल रे. उशीर होतोय."

दोघं गेल्यावर मी माझी पांढरी गाडी रुळांवर घेतली आणि नापास केली. नवरा बघत उभा होता. "आता घरी कसं जायचं?" "चालत," मी म्हणाले. मग यादी काढली आणि टपालवाल्यापासून सुरुवात केली. नऊ फोन. तिघांनी ऐकून न घेता ठेवला, मास्तरणीने मला घर फोडणारी म्हटलं, आणि मालक म्हणाला, सोमवारपासून येऊ नकोस असं म्हणावंसं वाटतंय. मी म्हटलं, म्हणा, मग फोटो वरच्या कचेरीत कसे पाठवायचे तेवढं शिकवून जाते. मग तसं तो म्हणाला नाही.

साडेबाराला मिलोयकोचा फोन आला.

"पोचलो," तो फणकाऱ्याने म्हणाला. "आणि काहीही झालं नाही, ऐकतेस? नेहमीसारखेच पोचलो. उगाच सगळ्या गावासमोर माझी..."

"आई कुठेय?"

"मशीनवर. फोन दे म्हणतेय."

थोडी खरखर झाली, मग आईचा आवाज आला. शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये म्हणून बोलतात तसा, अगदी बारीक.

"रोसांदा? आज खिंडीत मला झोप लागली गं."

"झोप?"

"हं. मूठ धरायचं राहूनच गेलं."