मागची सीट नसलेली गाडी

वाढदिवसाला बाबांनी मला मॉडेलचा एक डबा दिला. झाकणावर निळी, चार दारांची कार. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले तिचे सुटे भाग. माझ्या छंदाला 'खुळखुळे' म्हणणारा हा माणूस स्वतः दुकानात गेला, याच गोष्टीने मी इतका भारावलो की झाकणावरचे चित्र मी धड पाहिलेच नाही. देताना ते एवढेच म्हणाले, "सावकाश कर."

आम्हा मॉडेलवाल्यांना एक खोड असते. डब्यातून जे निघेल ते आम्हाला कच्चा माल वाटते. बाबांनी जन्मभर लोकांचे सामान वाहणारी पिकअप चालवली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ती विकावी लागली. तीच त्यांना परत द्यावी, असे माझ्या मनाने घेतले. पुढच्या दारांमागे पातळ करवत धरली आणि कारचे दोन तुकडे केले. मागचे छत, मागची दारे, सीट, सारे बाजूला पडले. प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्यांतून हौदा उभा केला, त्याच्या तळावर सुरीच्या टोकाने फळ्यांच्या रेघा ओढल्या, आईच्या मोडक्या कानातल्याच्या साखळीने मागचा फाळका टांगला. चमचा तापवून त्या जुन्या पिकअपच्या डाव्या बाजूचा पोचासुद्धा हुबेहूब उतरवला. माझ्या अबोल हातांतून इतकी माया याआधी कधी वाहिली नव्हती.

रविवारी जेवणे झाल्यावर मी ती टेबलावर ठेवली.

"अगंबाई!" आई म्हणाली. "जन्मभर ही सवत दारात नांदवली. आता घरातही आणलीस?"

बाबा हसले नाहीत. बोटाने त्यांनी फाळका उघडला, मिटला. "पोचा बरोबर आलाय." मग हळूच, "मागची सीट कुठं गेली रे?"

"कापली, बाबा. पिकअपला कशाला लागते?"

"हं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पिकअपचाही डबा होता तिथं. दुकानदार तोच गळ्यात मारत होता. म्हटलं, नको बाबा, मागं सीट असलेली दे."

आई एकदम ताटे गोळा करू लागली.

"पुढं ही नि आजी बसायच्या," ते त्या गाडीशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तू नि ताई मागं हौद्यात. थंडीत एका चादरीत दोघं. मी आरशात बघायचो. तू तर मजेत हात हलवायचास."

माझे कान तापले. ती मजा मला लख्ख आठवत होती. आरशात पाहणारे डोळे मात्र मला कधी दिसलेच नव्हते.

"परत जोडतो, बाबा. पुट्टी भरून..."

"सांधा दिसेल?"

खोटे बोलवेना. "दिसेल. आणि करवतीनं खाल्लं तेवढी आखूड होईल."

"मग राहू दे. एवढं खपलायस."

त्यांनी ती उचलून कपाटावर ठेवली, हौदा भिंतीकडे करून. समोरून पाहिले तर ती कारच होती.

संध्याकाळी शेजारचे काका आले. "वा! कुठली गाडी ही?"

"कार आहे," बाबा म्हणाले. "पोरानं केली." काकांचा हात तिच्याकडे जाताच ते घाईने म्हणाले, "लांबूनच बघा हं. रंग ओला आहे."

रंग केव्हाच वाळला होता. काकांनी माझ्याकडे पाहिले.

"हो," मी जमिनीकडे बघत म्हणालो, "ओलाच आहे अजून."